पटावरचा राजा आणि देव्हाऱ्यातला देव

लाकडात कोरलेले शिवाजी महाराज बुद्धिबळाच्या पटावर राजा म्हणून मांडावेत का? ज्यांच्यापुढे हात जोडायचे त्यांना शह बसणार, कधी मातही होणार. ऐतिहासिक विषयावर मोहरे घडवणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही.

प्रतिमेविषयी साशंक असलेल्या इस्लामी जगात मोहऱ्यांना बहुधा चेहराच दिला गेला नाही. निशापूरच्या बाराव्या शतकातल्या संचात राजा म्हणजे सिंहासनाच्या घाटाचा ठोकळा आहे. महाराष्ट्राने उलटी वाट धरली. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा या पत्त्यांच्या खेळात १२० पाने, प्रत्येक अवताराची बारा. दिवसा डाव रामाच्या पानाने उघडतो, रात्री कृष्णाच्या. देवाचे पान हातात येते, हातचे जाते, आणि त्यात कोणाला पाप दिसले नाही. प्राणप्रतिष्ठा झाल्याशिवाय मूर्तीत देव येत नाही, हे त्यामागचे साधे शहाणपण. मूळच्या पैठणच्या घराण्यातले धर्मशास्त्री नीळकंठ भट्ट यांनी तर सतराव्या शतकात आपल्या ‘नीतिमयूख’ या राजनीतीवरच्या ग्रंथात बुद्धिबळालाही जागा दिली.

म्हणजे अडचण देवाची नाही. ती इतिहासाची आहे.

नाशिकजवळच्या रामशेजचेच पाहा. १६८२ मध्ये मोगलांनी हा किल्ला वेढला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून मराठ्यांनी लाकडाच्याच तोफा केल्या आणि त्या चामड्याच्या साह्याने डागल्या, असे मोगलांकडचा इतिहासकार खाफीखान लिहितो. मूठभर शिबंदीने गड वर्षानुवर्षे लढवला. अखेर तो गेला तो लाच चारल्यामुळे. आता हा वेढा पटावर मांडला तर? दोन्हीकडे सोळा-सोळा मोहरे, आणि एकही फितूर होत नाही. घटना म्हणून हे साफ खोटे.

तरीही असा पट एक खरी गोष्ट सांगतो. रामशेजचा शेवट आपल्याला ठाऊक आहे, गडावरच्या माणसांना तो ठाऊक नव्हता. त्यांच्यापुढे होती फक्त पुढची चाल. नियतीच्या नावावर सगळे खपवण्याची आपली सवय पटापुढे बसल्यावर सुटते, कारण तिथे निकाल आधी लिहिलेला नसतो. मात होण्याची शक्यताच नसेल तर शौर्याला अर्थ काय? महाराजांना पटावर मांडण्यात म्हणूनच अवमान नाही.

अट एकच. समोरचा बादशहा राक्षस करून कोरू नये. कारागिरांनी दोन्ही फौजांना सारखेच चांगले लाकूड आणि सारखीच मेहनत द्यावी, आणि घेणाऱ्यांनी संच विकत घेताना आधी शत्रूचा घोडा हातात घेऊन पाहावा.