मिठाला जागणे

हमरापूर म्हटले की गणेशमूर्तींचे कारखाने आठवतात. परंतु या गावावरून दक्षिणेस जाणारी आगगाडी पेण व रोहा मागे टाकून माणगावला पोहोचते, आणि तेथे एका तरुण सैनिकाचा पुतळा उभा आहे. तो नाईक यशवंत घाडगे यांचा. माणगाव तालुक्यातील पळसगावचे हे घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. 10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मशीनगनच्या माऱ्याने त्यांच्या हाताखालचे सारे जवान ठार वा जखमी झाले. घाडगे एकटेच त्या तोफेवर धावून गेले, तिला निकामी केले आणि शत्रूच्या गोळीने तेथेच कोसळले. वय अवघे 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

ही शौर्यकथा पुष्कळांना ठाऊक आहे. मला मात्र एक साधा प्रश्न सतावतो : हा तरुण कोणत्या देशाचा नागरिक होता? खरे उत्तर असे की, कोणत्याच नाही. तो सम्राटाचा प्रजाजन होता. नागरिकाला निदान विचारावे लागते. प्रजाजनाला कळवले की पुरे. 3 सप्टेंबर 1939 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात उतरल्याचे जाहीर केले, तेव्हा भारतीयांच्या प्रतिनिधींना विचारण्याची गरज त्यांना वाटली नव्हती.

अशा सैनिकाला भाडोत्री म्हणून मोकळे होणारे लोक आहेत. 'पोटासाठी गेला' हे वाक्य ते असे उच्चारतात की जणू पोट असणे हेच पाप! ज्याची भातशेती घरातील सर्वांना वर्षभर पुरत नाही, त्याला मुंबईची गिरणी आणि पलटण यांतून निवड करावी लागे. आणि गोळ्यांच्या वर्षावात कोणी पगारासाठी पुढे धावत नाही. तेथे माणूस शेजारच्या सोबत्याला आणि दिलेल्या शब्दाला जागतो. आपल्याकडे याला खाल्ल्या मिठाला जागणे म्हणतात. सैनिकाचे इमान आपण असे पुन्हा पुन्हा तपासतो. मीठ देणाऱ्याचे इमान तपासायला कोणाला फुरसत असते?

याचा कटू अनुभव कोकणाने घेतला आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात महार सैनिकांनी पिढ्यान् पिढ्या सेवा केली. स्वतःच्या गावात ज्यांना पाणवठ्यावर जाता येत नव्हते, ते परक्या निशाणाखाली सुभेदार झाले. आणि 1892 च्या सुमारास, 'लढाऊ जाती'चे नवे शास्त्र निघताच, त्यांची भरती बंद झाली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी 1894 मध्ये याविरुद्ध अर्ज तयार केला. 1927 मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावला गेला, तेव्हा त्या जमावात पलटणीचे पेन्शनरही होते. परक्यांनी वापरून टाकलेले आणि आपल्यांनी दूर ठेवलेले असे हे सैनिक! इंग्रजांना दोष देताना आपली मान ताठ राहत नाही.

आज आपणही मीठ देणारे आहोत. नोव्हेंबर 1947 च्या त्रिपक्षीय करारानुसार दहापैकी सहा गुरखा रेजिमेंट भारताकडे आल्या. नेपाळचे नागरिक राहूनच हजारो तरुण आपल्या सीमांवर लढले. बहुतेकांना आपले नागरिकत्व नको होते. आपल्या डोंगरातले घर आणि हक्काचे निवृत्तिवेतन हवे होते. त्यासाठी पोखरा व धरान येथे आपल्या लष्कराची कार्यालये आहेत. 2022 मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांनी चारांतील तिघांनी निवृत्तिवेतनाविना परतायचे, असा तिचा नियम. नेपाळने भरती थांबवली. योजना सर्वांना सारखीच आहे, हे खरे. पण जुना शब्द ज्याच्याशी झाला होता, त्याला विचारले होते का?

तेव्हा ऋण प्रत्येक वेळी नागरिकत्वानेच फिटते असे नाही. मात्र ज्याला ते हवे आहे, त्याचे काय? प्रेषितांच्या कृत्यांतील रोमी सरदाराने पौलाला सांगितले की आपण मोठी रक्कम मोजून नागरिकत्व मिळवले. आता ही किंमत रक्ताने मागितली जाते. ग्वाटेमालाचा अनाथ होझे गुतिएरेझ कागदपत्रांविना अमेरिकेत गेला, पुढे मरीन सैनिक झाला आणि 21 मार्च 2003 रोजी इराकमध्ये मारला गेला. नागरिकत्व त्याला मृत्यूनंतर मिळाले. नागरिक होण्यासाठी रणांगणावर मरावे लागत असेल तर धोरणातच भयंकर चूक आहे, असे लॉस एंजेलिसचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल महोनी यांनी स्पष्ट म्हटले. मी त्यापुढे जाऊन म्हणेन की, नागरिकत्व हे मरायला तयार असण्याचे बक्षीसच नसावे. नाही तर बंदूक उचलू न शकणाऱ्या त्याच्या आईने काय द्यावे? ज्याला आपण आपल्यासाठी मरायला सांगू शकतो, तो त्या क्षणी आपला झालेलाच असतो. कागद मागाहून येतो.

कधी फारच मागाहून. 2023 मध्ये इटलीतील मोंतोने या गावी घाडग्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारण्यात आले. आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत, अशा अर्थाचे शब्द त्यावर आहेत. त्यांची कबर मात्र कोठेच नाही. ज्यांचे दफनस्थान ठाऊक नाही, अशा सैनिकांच्या कॅसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे.