चिठ्ठी कोणाच्या बाजूने बोलते?

फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा सुरू झाल्या की आमच्या जालना जिल्ह्यात काही केंद्रांच्या भिंतीबाहेर गर्दी जमते. कोणी सख्खा भाऊ, कोणी मामेभाऊ, कोणी गेल्या वर्षी सुटलेला दोस्त. पोलीस हाकलतात, गर्दी मागच्या बाजूला जाते. महाराष्ट्रात परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध कायदा 1982 पासून आहे. 2024 मध्ये केंद्रानेही कायदा केला. त्याचा रोख पेपर फोडणाऱ्या टोळ्यांवर आहे, परीक्षार्थींवर नाही. कायद्याचे एवढे पुरे. आम्हाला बोलायचे आहे ते भिंतीवर चढणाऱ्या पोराबद्दल, कारण तो स्वतःला चोर समजत नाही. दोस्ताच्या अडचणीला धावून जातो, असेच त्याला वाटते.

त्याची दलीलही कच्ची नाही. "सर, ज्यांना वर्षभर गणिताला मास्तरच नव्हता, त्यांनी चिठ्ठी घेतली तर गुन्हा कोणाचा?" खरे आहे. 2012 पासून कित्येक वर्षे राज्यात शिक्षकभरती जवळपास बंदच होती. उर्दू माध्यमात विज्ञान-गणिताची जागा एकदा रिकामी झाली की भरता भरत नाही. सच्चर समितीने 2006 मध्ये लिहून ठेवले की 6 ते 14 वयाच्या दर चार मुस्लिम मुलांमागे एक तर कधी शाळेत गेलेच नाही किंवा शाळा सोडून गेले. जे दहावीपर्यंत टिकले त्यांच्या हातात पुस्तक आले, शिकवणारा आलाच असे नाही. अशा मुलापुढे प्रामाणिकपणाचे व्याख्यान देणे सोपे आहे. आम्हाला ते जमत नाही.

पण अन्याय झाला म्हणून चिठ्ठी योग्य ठरते का? चिठ्ठी नेमकी कोणाच्या उपयोगी पडते ते पाहावे. मुलगा गणितात 60 गुण घेऊन सुटतो. कागदावर नोंद होते की या शाळेत गणित उत्तम शिकवले जाते. शंभर टक्के निकालाचा फलक लागतो, हार-तुरे होतात. रिकाम्या जागेबद्दल विचारायला आता कोण जाणार? ज्यांनी त्याचा हक्क मारला, त्यांच्याच बाजूने त्याने साक्ष दिली, तीही स्वतःच्या सहीने. सूरह निसामध्ये इन्साफाची साक्ष स्वतःच्या किंवा आप्तांच्या विरोधात गेली तरी देण्याचा हुकूम आहे. इथे तर साक्ष मुलाच्याच बाजूची होती, आणि तीच बुडाली.

मग जून-जुलैत कॉलेज सुरू होते. अकरावी सायन्सच्या वर्गात इंग्रजी आणि मराठीचा मारा. आमचा पोरगा शेवटच्या बाकावर गप्प. कट्ट्यावर मात्र त्याचा आवाज सर्वात मोठा असतो, कारण वर्गात तोंड उघडले तर 60 गुणांचे बिंग फुटेल. दिवाळीपर्यंत हजेरी विरळ होते. पुढे तो सळईच्या कारखान्यात किंवा मोबाईलच्या दुकानात दिसला की लोक म्हणतात, "आपल्या पोरांना शिक्षणाची आवडच नाही."

त्याच परीक्षेच्या हॉलमध्ये एखादी मुलगीही बसलेली असते. तिने रात्री जागून, मुकाट्याने 62 टक्के मिळवलेले असतात. घरी तिचे कॉलेज टक्क्यांवर ठरायचे असते. चाचा म्हणतात, "शेजारच्या पोराला 81, हिला 62, आता पुढे कशाला?" चिठ्ठी टाकणाऱ्याला ही मुलगी ठाऊकही नसते. दोस्तीचे हे एक विचित्रच आहे, ती फक्त ओळखीच्या माणसाचे दुःख पाहते.

यावर पोरे विचारतात, "म्हणजे खऱ्या साक्षीसाठी माझ्या दोस्ताने नापास व्हायचे?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे गोड उत्तर आमच्याकडे नाही. किंमत पडते ती त्याच्यावरच. जागा रिकामी ठेवणाऱ्याच्या घरी त्या दिवशीही चूल पेटतेच. मात्र फेरपरीक्षा आता जूनच्या आसपासच होते, वर्ष वाया जातेच असे नाही. भिंतीवर चढण्याची हिंमत असलेल्या दोस्ताने निकालानंतरचे ते थोडे आठवडे रोज इशाच्या नमाजनंतर दोन तास त्याच्याजवळ बसून त्रिकोणमिती सोडवून घ्यावी. आणि परीक्षेच्या दिवशी जमणारे भाऊ-मामा ऑगस्टमध्येच जिल्हा परिषदेत जाऊन विचारू शकतात, "आमच्या शाळेचा गणिताचा मास्तर कुठे आहे?"