मोहलत

आमच्या उर्दू शाळेत इतिहासाच्या तासाला 'तारीख' म्हणतात. मुले वहीवर मोठ्या अक्षरांत 'तारीख' लिहितात आणि खाली सनावळ्या पाठ करतात. कोर्टाची पायरी चढणाऱ्याची तारीख वेगळी. ती पुढे गेली की एकाचा जीव भांड्यात पडतो, दुसऱ्याचा टांगणीला लागतो.

गेल्या डिसेंबरात इंग्लंडहून माझ्या मावसभावाचा फोन आला. "आपा, अम्मी फार आजारी असल्याचा डॉक्टरांचा दाखला मिळवून द्या." खालांचे गुडघे दुखतात, आजार म्हणावा तो एवढाच. जानेवारीत भावाच्या इमिग्रेशन अपिलाची सुनावणी होती आणि त्याला ती मार्चनंतर हवी होती.

मार्चच का? 2014 साली तिकडच्या कायद्यात एक कलम आले. मूल ब्रिटनमध्ये सलग सात वर्षे राहिलेले असेल आणि त्याला देश सोडायला लावणे वाजवी नसेल, तर त्याच्या आईबापांना घालवण्यात सार्वजनिक हित नाही, असे ते सांगते. भावाची मुलगी तिथेच जन्मली. मार्चमध्ये तिला सात वर्षे पूर्ण होणार होती. न्यायाधीश परिस्थिती पाहतात ती सुनावणीच्या दिवसाची. जानेवारीतही तिच्या हिताचा विचार झालाच असता, पण या कलमाचा आधार मिळाला नसता. सगळा फरक दोन महिन्यांचा.

मी नाही म्हटले. तो चिडला. "सरकारी बाजूही तारीख मागते. कधी न्यायाधीशच मोकळे नसतात म्हणून सुनावणी पुढे जाते. आमचे ते महिने कुणी मोजत नाही. मग माझेच दोन महिने डोळ्यांत का खुपतात?"

याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हते. मुदत मागणे हे काही पाप नाही. अडचणीतल्या कर्जदाराला मोहलत द्यावी, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण तिथे कर्जदार आपली अडचण उघड सांगतो. तिकडच्या ट्रायब्युनलच्या नियमांतही सुनावणी तहकूब करण्याची सोय आहे. तारीख नाकारली तर त्या पक्षाला न्याय्य सुनावणी मिळेल की नाही, हीच कसोटी, असे अपर ट्रायब्युनलने 2014 च्या एका निकालात सांगितले. खरोखर आजारी असलेल्यासाठी, ज्याचा महत्त्वाचा पुरावा अजून यायचा आहे त्याच्यासाठी हे दार उघडे असते. खोटे दाखले वाढले की त्याच दारात खऱ्या आजाऱ्याकडेही संशयाने पाहिले जाते.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. माझ्या वर्गात एकेका मुलाचे दादा वर्षातून तीनदा वारतात. एकदा एकाचे खरेच वारले होते आणि मी त्याला म्हटले, "घरून चिठ्ठी आण." त्याचा तो चेहरा अजून आठवतो.

भावाला म्हटले, खरे कारण लिही. कुरकुरत का होईना, वकिलामार्फत त्याने लिहिले. मुलीला सात वर्षे पूर्ण होऊ द्या, एवढीच विनंती होती. ती नामंजूर झाली. सुनावणी जानेवारीतच झाली. निकाल अजून हाती आलेला नाही.

इथे माझा युक्तिवाद लंगडा पडतो. सचोटी माझी, किंमत त्या मुलीची. तिने कुणाला फसवले नव्हते की कुणाकडे तारीख मागितली नव्हती. मुलाने देश सोडणे वाजवी आहे का हे ठरवताना आईबापांचे गैरवर्तन त्याच्या माथी मारायचे नाही, असे ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये स्पष्ट केले. फुफीच्या प्रामाणिकपणाचा भुर्दंड कुणी भरायचा, हे मात्र कोणत्याच कोर्टाने सांगितलेले नाही. भावाने पुन्हा विचारले तरी मी नाहीच म्हणेन. फक्त पहिल्या वेळेइतका ताठ आवाज आता निघणार नाही.

खालांना या दाखल्याचे काहीच ठाऊक नाही. परवा गावी गेले तेव्हा गुडघ्याला तेल चोळत म्हणाल्या, "त्याला फोन केलास तर सांग, माझी तब्येत अगदी ठीक आहे. उगाच काळजी करू नकोस म्हणावं."