वाट पाहणाऱ्यांचा हिशेब

प्रभू येशूने सांगितलेल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यावर आपण अनेक प्रवचने ऐकली आहेत. शेवटच्या तासाला आलेल्या मजुरालाही सबंध दिवसाची मजुरी मिळते आणि सकाळपासून राबलेले कुरकुर करतात, एवढा भाग सर्वांच्या स्मरणात राहतो. त्यातील एक लहानसा तपशील मात्र सहसा नजरेतून निसटतो. ते शेवटचे मजूर आळशी नव्हते. संध्याकाळ होत आली तरी ते बाजारातच उभे होते, कारण त्यांना कोणी कामावर लावले नव्हते. बाजार होता, राबण्याची इच्छा होती, हात मात्र रिकामे होते आणि दिवस सरत होता.

आर्थिक सुधारणांची चर्चा निघाली की आम्हांस हा बाजार आठवतो. खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते सांगतात की, सरकारने किमती आणि परवाने यांवरील आपली पकड सैल करावी, म्हणजे उद्योग वाढतील व त्यांच्यामागोमाग रोजगार येईल. विरोधक सांगतात की, मोकळा बाजार हा बलवानांचाच बाजार असतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. परंतु या वादात एक प्रश्न अनुत्तरित राहतो. रोजगार येईल हे मान्य केले, तरी तो येईपर्यंतचा मधला काळ कोणी सोसायचा?

या प्रश्नाचा विचार करण्यास पश्चिम जर्मनीइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील शहरे भग्नावस्थेत होती. किमती व वाटप यांवर कडक नियंत्रण होते. पण नियंत्रित भावात माल मिळत नव्हता आणि काळ्या बाजारात सिगारेटी चलनासारख्या फिरत होत्या. 1946 साली वर्षअखेरच्या रात्री कलोनचे कार्डिनल योसेफ फ्रिंग्ज यांनी प्रवचनात सांगितले की, जीव व आरोग्य राखण्यासाठी जे अत्यावश्यक आहे आणि जे श्रमाने वा याचनेने मिळत नाही, ते घेण्याची मुभा अशा संकटात माणसाला आहे. थंडीने गारठलेल्या लोकांनी मालगाड्यांतून कोळसा उचलला आणि या कृत्याला कार्डिनलसाहेबांच्याच नावावरून एक क्रियापद जर्मन भाषेत रूढ झाले. मात्र त्याच प्रवचनात त्यांनी हेही बजावले होते की, गरजेपलीकडे अन्यायाने घेतलेले परत केले पाहिजे. हे दुसरे वाक्य पुढे फारसे कोणी उद्धृत केले नाही.

20 जून 1948 रोजी पश्चिमेकडील तीन विभागांत डॉइश मार्क हे नवे चलन आले. अर्थव्यवस्थेचे संचालक लुडविग एर्हार्ट यांनी त्याच सुमारास बहुसंख्य वस्तूंवरील भावनियंत्रण उठविले. घरभाडी व काही मूलभूत अन्नपदार्थ तेवढे नियंत्रणाखाली राहिले. दडवून ठेवलेला माल एका रात्रीत दुकानांच्या खिडक्यांत अवतरला. लोकांना हा चमत्कार वाटला आणि त्यात खोटे काही नव्हते. बंद दार उघडण्याचे सामर्थ्य बाजारात आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

परंतु त्या चमत्काराची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. प्रत्येकाला सुरुवातीस 40 नवे मार्क मिळाले व नंतर आणखी 20. बँकेतील बचतीचे मात्र 100 जुन्या मार्कांमागे अखेर साडेसहा मार्क झाले. ज्याच्यापाशी जमीन, कारखाना वा मालाचा साठा होता त्याचे धन शाबूत राहिले; ज्या विधवेपाशी केवळ बँकेचे पुस्तक होते तिचे गेले. भाव चढले. 12 नोव्हेंबर 1948 रोजी लक्षावधी कामगारांनी एक दिवसाचा सार्वत्रिक संप केला. 1950 च्या आरंभी बेकारांची संख्या 20 लाखांच्या घरात होती आणि त्यांत पूर्वेकडून हाकलून दिलेल्या निर्वासितांचा भरणा मोठा होता. बाजार खुला झाल्यावरही माणसे त्यात रिकाम्या हातांनी उभी होती.

पुढे रोजगार आला. 1950 साली सरासरी 11 टक्क्यांच्या आसपास असलेली बेकारी 1960 पर्यंत दीड टक्क्याच्या आत आली. त्यात अमेरिकेच्या मार्शल योजनेचा, कोरियन युद्धकाळातील मागणीचा आणि तेथील कुशल कामगारांचाही वाटा होता. परंतु आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. मधल्या काळाचा हिशेब त्या समाजाने मांडला. 1951 च्या कायद्याने कोळसा व पोलाद उद्योगांतील मोठ्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळांवर कामगारांना बरोबरीचे स्थान मिळाले. 1952 साली भार समान वाटून घेण्याचा कायदा झाला. ज्यांची मालमत्ता वाचली होती त्यांच्या 1948 च्या मालमत्तेवर निम्मा आकार बसविण्यात आला, तो 30 वर्षांच्या हप्त्यांनी घेण्यात आला आणि सर्वस्व गमावलेल्यांना त्यातून भरपाई देण्यात आली. नुकसान पूर्ण भरून निघाले नाही. तरी ज्यांचे तरले त्यांनी ज्यांचे बुडाले त्यांचे देणे लागते, हे तत्त्व कायद्यात लिहिले गेले.

कोणी म्हणेल, अशा देण्याने उद्योगाचा वेग मंदावतो. ही शंका गंभीर आहे. अवजड करांनी उद्योग गारठू शकतो. परंतु ज्या दशकात हे हप्ते भरले गेले, त्याच दशकात तेथील बेकारी ओसरली. देणे किती आणि किती मुदतीत, हा व्यवहाराचा प्रश्न आहे. देणे आहे की नाही, हा नीतीचा.

1 मे 1991 रोजी परमगुरू जॉन पॉल दुसरे यांचे ‘सेंतेसिमुस आन्नुस’ हे पत्र प्रसिद्ध झाले. साधनांचा उपयोग करून घेण्यास व गरजा भागविण्यास खुला बाजार हे परिणामकारक साधन आहे, असे त्यात मान्य केले आहे. पण ज्यांच्यापाशी क्रयशक्तीच नाही त्यांच्या गरजा बाजाराला दिसत नाहीत, हेही त्यात निक्षून सांगितले आहे. योगायोग असा की, त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात भारताने रुपयाचे अवमूल्यन केले आणि नवे औद्योगिक धोरण स्वीकारले. त्यानंतरच्या काळात येथील दारिद्र्य निश्चितच घटले. तेंडुलकर समितीच्या निकषानुसार 1993-94 साली 45 टक्के असलेले प्रमाण 2011-12 साली 22 टक्क्यांवर आले. हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

तथापि आपला मधल्या काळाचा हिशेब काय सांगतो? कामगारांच्या भरपाईसाठी व पुनर्प्रशिक्षणासाठी 1992 साली राष्ट्रीय नूतनीकरण निधी स्थापन झाला. त्यातील बहुतेक रक्कम सार्वजनिक उद्योगांतील स्वेच्छानिवृत्तीवर खर्च झाली. नवे कौशल्य शिकविण्याच्या वाट्याला फार थोडी आली. मुंबईच्या गिरणगावाची दुर्दशा तर या धोरणाच्या आधीच, 1982 च्या संपापासून, सुरू झाली होती. गिरण्या बंद पडल्या तरी त्यांच्या जमिनी सोन्याच्या मोलाच्या झाल्या. 1991 च्या नियमांत त्या जमिनींचा मोठा हिस्सा मोकळ्या जागा व सार्वजनिक घरे यांसाठी ठेवण्याची तरतूद होती. 2001 च्या दुरुस्तीने हा हिस्सा केवळ रिकाम्या भूखंडापुरता उरला आणि 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. कायद्याचा प्रश्न तेथे मिटला. देण्याचा मिटला, असे आम्हांस वाटत नाही.

कामगाराला ‘धीर धरा’ असे सांगणे सोपे असते. धीर हा सद्गुण खरा, पण तो स्वतःचा असेल तर. दुसऱ्याच्या खात्यावरून खर्च केलेला धीर हे कर्ज असते आणि कर्ज फेडावे लागते. बाजार कधी ना कधी काम देईल, या आश्वासनावर मुलांच्या शाळेची फी भरता येत नाही. पन्नाशीत काम गेलेल्या माणसाला दहा वर्षांनंतरच्या भरभराटीचा वाटा मिळत नाही. तो त्याच्या मुलाला मिळाला तर मिळतो.

द्राक्षमळ्याच्या धन्याने बाजार बंद केला नाही. मजुरांना दोष देत तो घरीही बसला नाही. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत तो पुनःपुन्हा बाजारात गेला, कोण उभे राहिले आहे ते त्याने पाहिले आणि शेवटच्या माणसालाही त्या दिवसाची चूल पेटेल एवढी मजुरी दिली. त्याच्या औदार्याचे कौतुक आपण दरवर्षी ऐकतो. आपल्यापैकी ज्यांची दुकाने, जमिनी व नोकऱ्या या बदलत्या काळात तरल्या, त्यांनी आपल्याच धर्मग्रामात अजून कोण उभे आहे, हे एकदा जाऊन पाहावे.