कुणाच्या तरी बाळाची वाट

एखाद्या बाळासाठी हृदय मिळावं, अशी प्रार्थना करताना आपण नेमकं काय मागत असतो?

काही तान्ह्या बाळांच्या हृदयाचा स्नायू कमकुवत होतो. डावा कप्पा फुग्यासारखा ताणला जातो, रक्त पुढे ढकलायची ताकद उरत नाही. बाळ दूध ओढता ओढता घामाघूम होतं, दमून थांबतं. औषधं पुरेनाशी झाली की प्रत्यारोपणाचा विषय निघतो. पण मोठ्या माणसाचं हृदय इवल्याशा छातीत मावत नाही. ते दुसऱ्या लहान मुलाकडूनच यावं लागतं. डिसेंबर १९६७ मध्ये ब्रुकलिनला एड्रियन कँट्रोविट्झ यांनी तान्ह्या बाळावर पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. त्या बाळाचा विकार वेगळा होता, पण पेच हाच: एका घरातली आशा दुसऱ्या घरातल्या आकांतातून येते.

मग हे आईबाप दुसऱ्या बाळाच्या मरणाची वाट पाहतात का? मला तसं वाटत नाही. ते मरण त्यांनी मागितलेलं नसतं. ते घडलंच, तर त्यातून काही वाचावं, एवढंच त्यांचं मागणं असतं. तरीही मनाला बोच लागते, आणि ती पुसायची घाई मला नको वाटते. कधीही न पाहिलेल्या एका घराची ती आठवण असते.

या बोचीतून सुटायची एक वाट जर्मनीतल्या गीसनच्या डॉक्टरांनी २००७ मध्ये मांडली. शस्त्रक्रिया जुनीच, उपयोग नवा. बाळाचा उजवा कप्पा धडधाकट असेल, तर फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या वाहिनीभोवती पट्टी आवळायची. उजवीकडचा दाब वाढतो, मधला पडदा डावीकडे सरकतो, ताणलेला डावा कप्पा आकारात येऊ लागतो. तान्ह्या हृदयात सावरण्याची ताकद मोठ्यांपेक्षा जास्त असते. तिला वेळ मिळतो. हृदय सावरलं की पट्टी सैल करता येते.

कुणाचंही ऋण नाही, आपलंच हृदय. ऐकायला किती बरं वाटतं! इथेच मी सावध होतो. सगळ्याच बाळांना हा उपचार लागू पडत नाही. काहींना शेवटी प्रत्यारोपण लागतंच. शिवाय आजारी हृदयावर मुद्दाम ओझं टाकायचं, म्हणजे जोखीम आलीच. आणि ज्याच्या जिवावर जोखीम, त्याला अजून बोलता येत नाही.

म्हणून मला वाटतं, निवड करताना एकच प्रश्न विचारावा: या बाळाची जगण्याची शक्यता कशात जास्त? उत्तर पट्टी असेल तर पट्टी, दुसऱ्याचं हृदय असेल तर तेही, बोचीसकट. ती बोच मोठ्यांनी सोसायची असते. आपलं मन निर्मळ राहावं, याची किंमत बाळाने का मोजावी?