साखर जाते, पालाश मागे राहतो

परिसंस्थेत ऊर्जा एकाच दिशेने वाहते आणि अन्नद्रव्ये फिरत राहतात. सूर्याची ऊर्जा वनस्पती पानांत बांधून ठेवतात. तृणभक्षक पाने खातात, मांसभक्षक त्यांना खातात आणि दर पायरीवर श्वसनातून ऊर्जेचा मोठा हिस्सा उष्णतेच्या रूपाने निघून जातो. ही उष्णता कोणत्याही सजीवाला पुन्हा अन्न म्हणून वापरता येत नाही. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक यांचे तसे नसते. पान गळून कुजले की त्यातला स्फुरद जमिनीत उतरतो आणि पुढच्या पानात चढतो. मिनेसोटातील सीडर बॉग सरोवराचा अभ्यास करून रेमंड लिंडमन यांनी 1942 साली ऊर्जेचा हा हिशेब प्रथम पद्धतशीर मांडला. लेख छापून येण्याआधीच, वयाच्या 26 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. एका पायरीवरून पुढच्या पायरीवर दहा टक्के ऊर्जा पोहोचते हा पाठ्यपुस्तकांतला नियम याच विचारधारेतला. प्रत्यक्षात हे प्रमाण बरेच कमीजास्त असते.

ऊर्जा आणि अन्नद्रव्ये यांतला हा भेद महाराष्ट्रात उसाच्या फडाइतका स्वच्छ क्वचितच दिसतो. ऊस हे सूर्यप्रकाश वापरण्यात अत्यंत तरबेज पीक आहे, तरी वर्षभरात शेतावर पडणाऱ्या प्रकाशाचा शेकडा एक-दोन भागच त्यात साठतो. त्यातली माणसाला हवी असलेली ऊर्जा म्हणजे साखर, आणि साखर केवळ कर्ब, हायड्रोजन व प्राणवायू यांची बनलेली असते. हे तिन्ही घटक हवा आणि पाणी यांतून येतात. शुद्ध साखरेच्या पोत्यातून शेतातला नत्र, स्फुरद किंवा पालाश जवळजवळ जातच नाही. इथेनॉलचेही तेच, आणि बगॅस (उसाचे चिपाड) जाळून केलेल्या विजेचेही तेच. सोयाबीनची गोष्ट वेगळी. त्याच्या दाण्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात आणि प्रथिनांबरोबर नत्र व गंधक बाजारात जातात. साखर कारखाना मात्र ऊर्जा विकतो. खनिजे त्याच्या आवारात आणि शेतकऱ्याच्या शेतातच मागे राहतात.

ही खनिजे थोडीथोडकी नाहीत. शंभर टन ऊस देणारे पीक जमिनीतून साधारण 200 किलो किंवा त्याहून अधिक पालाश उचलते. त्याची पुढची वाट नीट माहीत आहे. रस शुद्ध करताना चुना घातला की स्फुरदाचा बराचसा भाग साक्यात बसतो आणि प्रेसमडमध्ये येतो. उसाच्या टनामागे असा 30 ते 40 किलो प्रेसमड निघतो. पालाश पाण्यात विरघळलेलाच राहतो, म्हणून तो रसातून मळीत आणि मळीतून आसवनीच्या सांडपाण्यात, म्हणजे स्पेंट वॉशमध्ये जातो. नदीत सोडल्यावर मासे मारणारे हेच तपकिरी पाणी पालाशाने समृद्ध असते. जे द्रव्य शेतात खत ठरते, तेच ओढ्यात प्रदूषण ठरते, कारण ते चक्रातून बाहेर पडून चुकीच्या जागी साचते.

उरलेला वाटा तोडणीच्या वेळी फडातच राहतो. हिरवे वाढे बैलांच्या आणि दुभत्या जनावरांच्या पोटात जाते. त्यांचे शेण उकिरड्यावर गेले तर चक्र चालू राहते, गोवऱ्या होऊन चुलीत गेले तर त्यातला नत्र उडून जातो. पाचट, म्हणजे वाळलेला पाला, मात्र हेक्टरी आठ ते दहा टन पडून असते. त्यात नत्र अर्धा टक्क्याहून थोडा कमी, म्हणजे हेक्टरी 40 किलोंच्या आसपास. काडी लावली की यातला बहुतेक नत्र आणि बराचसा गंधक धुरातून जातो. पालाश व स्फुरद राखेत उरतात, पण उघड्या रानातली राख वाऱ्याने आणि पाण्याने हलते. पाचटातला सेंद्रिय कर्ब तर जवळजवळ पूर्ण संपतो. जमिनीतल्या बुरशी, जिवाणू, गांडुळे यांना वर्षभर पुरली असती ती ऊर्जा तासाभरात उष्णता होऊन जाते.

शेतकरी पाचट अज्ञानामुळे जाळतो असे म्हणणे अन्यायाचे आहे. खोडव्याचे बुडखे छाटायचे असतात, पाणी सरीतून सरळ जावे लागते, मजूर मिळत नाहीत, पाचटाखाली उंदीर आणि साप असतात. शिवाय पाचटात कर्ब फार आणि नत्र थोडा. ते कुजवणारे जिवाणू आधी जमिनीतला नत्र स्वतःकडे ओढतात, त्यामुळे खोडवा काही काळ पिवळा पडतो. म्हणून टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो कुजवणारे जिवाणू टाकण्याची शिफारस आहे. हा नत्र वाया जात नाही. जिवाणू मेले की पिकाला परत मिळतो.

तुटलेले चक्र जोडायला ऊर्जा लागते, आणि ती विकत घ्यावी लागते. फ्रिट्झ हाबर यांनी 1909 साली हवेतील नत्रापासून अमोनिया करून दाखवला. 1913 मध्ये जर्मनीत ओप्पाऊ येथे त्याचे कारखानी उत्पादन सुरू झाले. भारतातला युरिया आज मुख्यतः नैसर्गिक वायूवर तयार होतो. एक हेक्टर पाचट जाळले तर 45 किलोंच्या जवळजवळ दोन गोण्यांतल्या युरियाइतका नत्र धुरात जातो. पालाशाला हवेतला साठाही नाही. तो खाणीतून काढावा लागतो आणि भारत आपली गरज जवळजवळ संपूर्ण आयातीवर भागवतो. स्पेंट वॉश आटवून, जाळून मिळणाऱ्या राखेतील पालाशाला केंद्र सरकारने 2021 साली अनुदानित खतांत जागा दिली. हे योग्य दिशेचे पाऊल आहे. मात्र ते खत पोत्यात भरून कोणत्याही बाजारात जाऊ शकते, ज्या शेतातून पालाश आला तिथे जाईलच असे नाही.

कारखाने सभासदाच्या उसाचे वजन काटेकोर नोंदवतात. त्याच खात्यावर परत देणे असलेला प्रेसमड आणि पालाशही टनेजप्रमाणे नोंदवला जावा. वाहतुकीची अडचण यात मोठी नाही: ऊस खाली करून गावाकडे परतणारे ट्रॅक्टर बहुधा रिकामेच जातात.