कुणाचा?

कर्जतच्या बाजारात नवा माणूस दिसला की पहिला प्रश्न नावाचा नसतो. 'कुणाचा रे तू?' हा असतो. मग गाव, आडनाव, कुणाचा पुतण्या, कुणाचा जावई. एवढं जुळलं की चहा येतो. मलाही विचारतात. साइटवर मी टेप घेऊन उभी असते, डंपरवाला खाली उतरतो आणि माझ्याकडे न बघता मुकादमाला विचारतो, "ही कुणाची?" मुकादम बाबांचं नाव घेतो. त्यानंतर मी 'ताई' होते.

बाबा ठेकेदार आहेत, पण मोठे नाहीत. आमच्या पट्ट्यातून द्रुतगती मार्ग गेला, घाटात बोगदे खणले गेले, कर्जत-पनवेल मार्गाचं काम निघालं. ती कामं आमच्यासारख्यांच्या पाटीत पडत नाहीत. नेरळपासून कशेळ्यापर्यंत मुंबईकरांची शनिवार-रविवारची घरं, चौकला चार रो-हाउस, मधूनच एखाद्या ग्रामपंचायतीचं गटार, हे आमचं काम. दोन वर्षांपूर्वी बाबांनी खरेदी माझ्याकडे सोपवली. मी ती निम्मी एआयकडे सोपवली.

ते काय करतं, हे आधी सांगते, कारण लोकांना वाटतं की रोबो येऊन विटा मोजतो. आमच्याकडे कोटेशन येतं ते असं: कुणी वहीच्या पानाचा फोटो पाठवतो, कुणी पीडीएफ, कुणी गाडी चालवता चालवता व्हॉइस नोट. एक जण जीएसटीसकट दर सांगतो, दुसरा सोडून. कुणाच्या दरात गाडीभाडं धरलेलं, कुणाची हमाली वेगळी. हे सगळं मी यंत्रात टाकते आणि ते एक तक्ता करून देतं: माल साइटवर उतरेपर्यंत कोणाचा खरा दर किती पडतो. सुरुवातीला त्याला 'सव्वातीनशे' आणि 'साडेतीनशे' यांत गल्लत व्हायची. आता क्वचितच होते. शिवाय नकाशावरून किती सिमेंट लागायला हवं होतं आणि किती लागलं, तेही ते दाखवतं. हा दुसरा आकडा दाखवायला लागल्यापासून आमचा एक सुपरवायझर माझ्याशी फारसा बोलत नाही.

पहिलं भांडण सिमेंटवरून झालं. आमचं सिमेंट वर्षानुवर्षं एकाच दुकानातून येतं. त्या काकांचा दर होता गोणीला ३६० रुपये, पैसे ६० दिवसांनी. ऑनलाइन दर ३५३, पैसे आधी. मी सात रुपये वाचवायला निघाले होते. पण सगळ्या अटी टाकल्यावर यंत्रानेच हिशोब केला: वर्षाला १८ टक्के व्याज धरलं तर ६० दिवसांच्या उधारीची किंमत गोणीमागे साडेदहा रुपये. म्हणजे काकांचंच सिमेंट स्वस्त. बाबा हसले. "हे कळायला यंत्र लागलं तुला?"

इथपर्यंत ठीक होतं. पण मला चेव चढला. मार्च २०२० मध्ये काम बंद पडलं, मजूर मिळेल त्या वाटेने गावी गेले, घरमालकांनी पैसे थांबवले. तेव्हा आमचं जे देणं होतं ते काकांनी आठ महिने मागितलं नाही. एकदाही फोन नाही. मी म्हटलं, याचंही व्याज काढू, म्हणजे काकांशी असलेल्या नात्याची नेमकी किंमत कळेल. आकडा आला. मोठा होता. मी बाबांना दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पूस ते."

मला राग आला होता. हिशोबात चूक नव्हती. पुढे लक्षात आलं की तो आकडा लिहिला की दोनच गोष्टी संभवतात: एक दिवस तो फिटतो, किंवा फिटत नाही. फिटला की काका परके. सात रुपयांनी स्वस्त कुणी भेटला की आपण मोकळे. बाबांना तो हिशोब मुद्दाम उघडा ठेवायचा होता. उधारीच्या वहीत काही पानं न बेरजेची असतात, आणि ती बेरीज करता येत नाही म्हणून नव्हे.

गंमत म्हणजे कायद्यालाही ही नाती दिसत नाहीत. २०२४ पासून आयकराचा नियम आला की सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर फार तर ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, नाहीतर तो खर्च त्या वर्षी वजावटीला धरत नाहीत. चांगला नियम आहे. पण तो माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला; नुसत्या व्यापाऱ्याला नाही. म्हणजे विटा पाडणारा त्यात येऊ शकतो, आमचे दुकानदार काका येत नाहीत.

आतापर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की मी यंत्राविरुद्ध आणि जुन्या बाजाराच्या बाजूने लिहिते आहे. थांबा.

आमचा क्रश सँडचा पुरवठादारही जुनाच. त्याचा डंपर 'चार ब्रासचा'. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. यंत्र तीन महिने सांगत होतं की प्लास्टरच्या कामात दर वेळी साधारण सातवा हिस्सा माल कमी पडतोय. शेवटी मी डंपरवर चढून टेप लावला. लांबी १३ फूट, रुंदी ७, उंची पावणेचार. ३४१ घनफूट. माल ओलसर होता, आणि ओलसर वाळू फुगते, म्हणजे कोरडी धरली तर आणखी कमी. मी तावातावाने घरी आले. बाबा म्हणाले, "माहीत आहे की. इकडे चार ब्रास म्हणजे सव्वातीन-साडेतीनच. म्हणून तर भाव पाडून मागतो आपण."

म्हणजे खोटं सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे ते खोटं राहत नाही. एक प्रकारचं माप होतं. मला हे जवळजवळ पटलं होतं. मग त्या पोराचं कोटेशन आलं.

कर्जतच्या डोंगराकडच्या एका वाडीतला ठाकर मुलगा. कर्ज काढून जुना डंपर घेतलेला. बाबांनी नाव वाचलं आणि विचारलं, "कुणाचा?" कुणाचाच नव्हता. बाजारात त्याला दोन वर्षांत धड ऑर्डर मिळाली नव्हती आणि का ते सरळ होतं: तो चार ब्रास म्हणून खरोखर चार ब्रास द्यायचा. त्यामुळे खेपेचा दर सगळ्यांत जास्त दिसायचा. ज्या बाजारात चार म्हणजे साडेतीन हे ठरलेलं आहे, तिथे चार म्हणजे चार असं धरणारा माणूस महाग ठरतो. त्यात त्याच्यासाठी शब्द टाकणारं कुणी नाही. यंत्राने मापाप्रमाणे दर काढला आणि त्याला पहिल्या क्रमांकावर ठेवलं. यंत्राला आडनाव कळलं नाही. कळलं असेल तरी तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

मला त्या दिवशी जोतीराव फुले आठवले. शाळेत आपण त्यांना समाजसुधारक म्हणून शिकतो, पण त्यांचा पोटाचा धंदा कंत्राटदारीचा होता. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी बांधकामाचं सामान पुरवलं, पुणे कमर्शिअल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ते भागीदार होते. सरकारी कामांतली चिरीमिरी आणि आपल्याच माणसांची सोय ते जवळून बघत होते, लिहीत होते. 'कुणाचा' हा प्रश्न त्यांच्यासाठी आपुलकीचा नसणार. ज्याला उत्तर देता येतं त्यालाच तो आपुलकीचा वाटतो. सरकारी निविदेत सर्वांत कमी दराला काम देण्याचा नियम असतो. त्याला आम्ही ठेकेदार शिव्या घालतो, आणि तो वाईट कामाला आमंत्रण देतो हे खरंच आहे. पण तो आला कुठून? 'कुणाचा' विचारणाऱ्या साहेबांवर अविश्वास होता म्हणून आला. आंधळेपणा हा तिथे उपाय म्हणून आणलेला आहे.

तर यंत्र आंधळं आहे, आणि त्या पोराच्या बाबतीत ते बरं झालं. आता वीट.

आमच्याकडे दिवाळीनंतर वीटभट्ट्या लागतात, पावसाच्या तोंडावर बंद होतात. विटा पाडतात मुख्यतः कातकरी कुटुंबं. पावसाळ्यात हाताला काम नसतं, तेव्हा भट्टीमालक 'उचल' देतो. मग सगळं कुटुंब हंगामभर ती फेडतं, हजार विटांमागे ठरलेल्या मजुरीवर. हिशोब शेवटी होतो आणि तो मालकाच्या वहीत असतो. उचल फिटली नाही तर पुढचं वर्ष बांधलेलं. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालचा आहे. बाबांच्या लहानपणीचा.

यंत्राने सर्वांत स्वस्त वीट काढून दिली. ती वीट का स्वस्त आहे हे त्याला माहीत नव्हतं. मी बाबांना म्हटलं, बघा, हे तुमच्या यंत्राला दिसत नाही. (भांडणात ते नेहमी 'तुझं यंत्र' असतं, पण त्या दिवशी मी पळवाट काढत होते.) बाबा काहीच बोलले नाहीत. मग मला कळलं की मी काय बोलले. बाबांना सगळं माहीत होतं. त्या भट्टीवर ते कित्येकदा गेले होते. चिखल तुडवणारी पोरं त्यांनी पाहिली होती. आणि तीस वर्षं त्यांनी तीच वीट घेतली. ज्याला माहीत होतं त्याने आणि ज्याला माहीत नव्हतं त्याने, दोघांनी एकच माल निवडला. मग माणसाच्या जाणतेपणाची एवढी टिमकी कशाला वाजवायची?

मी तक्त्यात रकाना वाढवला: मजुरी कशी देतात, मुलं शाळेत जातात का. यंत्र कुरकुर करत नाही. त्याने लगेच सुचवलं की एएसी ब्लॉक घ्या, वजनाला हलके, भिंत लवकर उठते, हा प्रश्नच नको. मी खूश. पुढच्या आठवड्यात आमच्याच साइटवर काँक्रीटला आलेल्या एका कातकरी माणसाला हे सांगितलं. तो भट्टीवर राबलेला. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पावसात उचल कोण देणार, ताई?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजही नाही. एका घराला आम्ही ब्लॉक वापरले, दुसऱ्याला विटा; मालकाला विटाच हव्या होत्या, त्याला उघड्या विटांची भिंत 'गावाकडची' वाटते.

एक गोष्ट मात्र मी बंद केली. भाव करायचे मेसेज यंत्र लिहून द्यायचं. एकदा त्याने माझ्या नावाने लिहिलं, 'आमच्याकडे यापेक्षा कमी दराचे कोटेशन आले आहे.' आलेलं नव्हतं. मी न वाचता पाठवलं. समोरच्याने दर उतरवला. बाबांनी हे वाक्य आयुष्यभर म्हटलं आहे, त्यामुळे यात काय मोठं, असं मला आधी वाटलं. पण बाबा ते दुकानात बसून, चहा पीत म्हणतात. काका त्यांच्या तोंडाकडे बघतात, हसतात, "आणा ते कोटेशन" म्हणतात. तो खेळ दोघांना माहीत असतो. माझा मेसेज नीट टाइप केलेला, खाली कंपनीचं नाव. वाचणाऱ्याला त्यात चेहरा नव्हता. त्याने ते खरं मानलं.

आणि तो वाचणारा तोच होता, डंपरवाला. ज्याचं चार म्हणजे चार असतं.

मी त्याला दोन दिवसांनी फोन करून सांगितलं की असं कोटेशन नव्हतं. तो म्हणाला, "मला वाटलंच होतं, पण तुमचा मेसेज होता म्हणून." आधीचा दर परत लावला. बाबांना मी हे सांगितलं नाही.

दीड वर्ष झालं. तो आता आमच्या दोन साइटना माल टाकतो. बाबा दुसऱ्या ठेकेदारांना सांगतात, "आपला पोरगा आहे." मध्ये त्याचा मेसेज आला: खाणीने दर वाढवला, टायर बदलावे लागले, खेपेमागे थोडे वाढवून द्या, ताई. मी सवयीने तक्ता उघडला. तो तिसऱ्या क्रमांकावर आहे. पहिल्या क्रमांकावर एक नवीन नाव आहे, माप चोख, दर कमी, पनवेलकडचा कुणी. बाबांनी माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि विचारलं, "हा कुणाचा?"

सोमवारी स्लॅबवरच्या भिंतीचं प्लास्टर सुरू होतंय. शनिवारपर्यंत माल यायला हवा. तक्ता अजून उघडाच आहे.